उरलेला माल

सातेरीच्या देवळामागे, दोन माडांना दोरी बांधून
आम्हा तिघांची रांग:
द्रुपदीबाय रवळ्या घेऊन, मध्ये मी, लाकडाची फळं मांडून,
आणि टोकाला बस्त्याव, करवंटीच्या डवल्या.
जागेचे वीस रुपये. पावतीला खाज्याचा गूळ लागलेला.

समोर टेम्पोभर प्लास्टिक.
त्याचा कर्णा थकत नाही:
कायपण घ्या तीस रुपये, कायपण घ्या.
आम्हाला ओरडणं जमत नाही.
द्रुपदीबाय तेवढी एक रवळी उपडी धरते
आणि तिच्या बुडावर बोटं वाजवते,
वाळवणातल्या भातात हात फिरवल्यासारखी.

माझा बोंडू पांगाऱ्याचा.
बी वेगळी कातलेली, खुंटीवर बसवलेली, खिळा नाही.
देठाकडे पिवळी लाख, खाली तांबडी,
केवड्याच्या पातीने घासली की अशी उजळते
की संध्याकाळी एक माशी आली, बसली,
पाय चोळून पाहिले
आणि कुणीतरी फसवल्यासारखी उडून गेली.
आजवरचं ते एकच गिऱ्हाईक
ज्याने भाव केला नाही.

बाकी सगळे करतात.
"केवढ्याक?"
"दीडशे."
"लाकडाचो? दीडशेक खरे डझनभर गावतत."
"ते परवा कुजतील."
"कुजांदेत. खावन तरी होतले."
ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
बाबांकडेही नव्हतं. ते नुसतेच
देठ धरून बोंडू भिंगरीसारखा फिरवायचे
आणि माणूस गेला की
सावकाश थांबू द्यायचे.

एकाने फोटो काढला.
म्हणाला, हात जरा बाजूला घ्या,
फळ नीट दिसत नाही.

ओट्या भरून झाल्या, पालखी फिरली,
मध्यरात्री पेटी लागली.
संकासुर काळा बुरखा कपाळावर सारून
आमच्यात चहा प्यायला बसला
आणि जाताना एक डवली उसनी घेऊन गेला.
ब्रह्मदेवाचे चारही वेद
त्याने तिच्यातच भरून पळवले.
लोक खो खो हसले.
मग युद्ध झालं, संकासुर मेला,
पण डवली काही परत आली नाही.
"पैशे कोण दितलो?" बस्त्यावने विचारलं. "विष्णू?"

पहाटे जनरेटर बंद पडला
तेव्हा कळलं, समुद्र इतका जवळ आहे.
कर्णा गुंडाळून टेम्पो कधीचा गेलेला.
माझे अकरा बोंडू उरलेले, तिच्या पाच रवळ्या.
ती म्हणाली, नातीक एक व्हयो होतो.
मी दोन ठेवले तिच्या पदरात.
तिने एक रवळी माझ्याकडे सरकवली.
मी तिसरा ठेवला.
"मेल्या, रवळी दोनशेची. साडेचारशेची नाय."
"आज झाली."
"नाय झाली."
"झाली."
तिने एक काढून परत दिला, मी परत ठेवला.
रात्रभर उतरत आलेला भाव
आता चढायला लागला होता
आणि दोघांतलं कुणीच जिंकायला तयार नव्हतं.
शेवटी बस्त्याव वैतागला,
दोघांच्या मालात एकेक डवली टाकून म्हणाला,
"गप ऱ्हवा आता, माका झोप येता."

पहिली एसटी.
फळांचं पोतं पायांत, रवळी मांडीवर.
उजाडत होतं; कामट्यांच्या फटींतून
माझी विजार चौकटीचौकटीने दिसत होती.
एका जागी बेळ संपून दुसरी सुरू झालेली,
तो सांधा मी नखाने शोधत बसलो,
सापडत नव्हता.
कंडक्टर वाकला.
"बरी आसा. केवढ्याक घेतलंस?"
"तीन बोंडू," मी म्हणालो.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग मांडीवरच्या रवळीकडे,
मग पुन्हा सुट्टे मोजायला लागला.